हाडापर्यंत धूर पोचतो कसा?

लालबागची_लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न बाबांचा आहे, पण विचारतेय मी. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

बाबांचं वय ७४. गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात पहाटे गॅलरीच्या टोकाला संडासाकडे जाताना ते घसरले. रात्रभर पाऊस होता, फरशी ओली होती. जोरात आपटलेही नाहीत, कठड्याला धरून बसल्यासारखे खाली आले. शेजारच्या काकूंनी ते डोळ्यांनी पाहिलं. त्या म्हणाल्या, एवढ्याने काही होत नाही, आधी चहा द्या. पण बाबांना उठताच येईना. उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळला होता आणि डाव्यापेक्षा आखूड दिसत होता. चाळीतल्या चार मुलांनी त्यांना खुर्चीत बसवून तीन मजले खाली उतरवलं. खुब्याखाली मांडीचं हाड मोडलं होतं. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, आत रॉड आणि स्क्रू टाकलाय.

बाबा गिरणीत साचेवाले होते, म्हणजे मागावर कापड विणायचे. सतराव्या वर्षी बिडी हातात आली ती आजतागायत. खात्यात कापूस, त्यामुळे आत ओढायची सोय नव्हती, पण पाळी सुटली की नाक्यावर पहिली बिडी पेटायची. ८२ च्या संपानंतर वॉचमनची नोकरी केली, तिथे रात्रभर सोबतीला तीच. आता दिवसाला एक बंडल. वजन ४७ किलो. दम लागतो, पंप चालू आहे, आणि दर पावसाळ्यात दोन-तीनदा तरी डॉक्टर पाच-सात दिवसांच्या बारीक गोळ्या देतात, त्याने बरं वाटतं.

वॉर्डातल्या तरुण डॉक्टरांनी सांगितलं, "काका, बिडी बंद. नाहीतर हाड जुळायला त्रास होईल." घरी आल्यावर बाराव्या दिवशी बाबांनी शेजारच्या पोराकडून बंडल आणवलं. मी रागावले तर म्हणाले, "छातीचं म्हणालीस तर कळतं गं. पण हाडापर्यंत धूर पोचतो कसा? आणि आता ७४ व्या वर्षी सोडून काय मिळणार?"

मला उत्तर देता आलं नाही. खरंच सांगते, मीही आजवर बिडी म्हटलं की फुप्फुस आणि कॅन्सर एवढाच विचार केला होता. दुसऱ्या खुब्याचं डेक्सा (हाडाची घनता मोजायची तपासणी) केलंय, त्यातला टी-स्कोअर नावाचा आकडा उणे ३.१ आलाय. व्हिटॅमिन डी ११ आहे. कुणी नीट समजावून सांगेल का? मला त्यांच्याशी भांडायचं नाहीये, त्यांना पटेल असं काहीतरी हवंय.

---

निवृत्त_सिस्टर

ताई, मी मुंबईतच अस्थिरोग वॉर्डात ३१ वर्षं काढली. तुमच्या बाबांचा प्रश्न अगदी बरोबर आहे. असे प्रश्न पेशंटने विचारले की मला आनंद व्हायचा, कारण पटलं तर तोच माणूस सोडतो.

धूर हाडापर्यंत पोचत नाही, रक्त पोचतं. आपल्याला हाड म्हणजे सुकलेलं लाकूड वाटतं. तसं ते नाही. हाड जिवंत असतं, त्यात रक्त फिरतं, पेशी असतात. एका प्रकारच्या पेशी जुनं हाड पोखरून काढतात, दुसऱ्या प्रकारच्या त्या जागी नवीन भरतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी असा नव्याने बांधला जातो. तिशीपर्यंत भरणं जास्त, मग काही वर्षं बरोबरी, आणि पुढे काढणं वरचढ होतं. हे सगळ्यांचंच होतं. बिडीने काय होतं, तर भरणाऱ्या पेशी मंदावतात आणि काढणाऱ्यांना मोकळं रान मिळतं.

निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो. तंबाखूचं झाड जमिनीतून कॅडमियम ओढून घेतं, तोही धुरातून अंगात येतो आणि हाडाला मारक ठरतो. ओढणाऱ्यांच्या रक्तात व्हिटॅमिन डी कमी सापडतं, आणि आतड्यातून कॅल्शियम शोषलं जातं तेही कमी. म्हणजे घरात तुम्ही दूध द्या, नाचणी द्या, त्यातलं पुरेसं हाडापर्यंत जातच नाही. त्यात बिडीला फिल्टर नाही, आणि विझू नये म्हणून सारखे झुरके मारावे लागतात. पान साधं दिसतं म्हणून बिडी सिगारेटपेक्षा सौम्य असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. तसं अजिबात नाही. तिच्या धुरातून निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड जास्तच मिळतो.

आता ज्या गोष्टीकडे कुणाचं लक्ष गेलं नसावं ती सांगते. त्या पावसाळ्यातल्या बारीक गोळ्या. त्या बहुतेक स्टिरॉइडच्या असणार. दम कोंडला की त्या जीव वाचवतात, म्हणून मनाने बंद करू नका. पण वर्षानुवर्षं वारंवार घेतल्या की त्या हाड पातळ करतात. बिडीने हाड एका बाजूने खाल्लं, बिडीनेच दमा आणला, त्या दम्याच्या औषधाने दुसऱ्या बाजूने खाल्लं. वर वजन ४७. बारीक माणसाच्या हाडावर रोजचा भारही कमी पडतो आणि पडल्यावर मार झेलायला मांसही नसतं. उणे २.५ किंवा त्याखाली टी-स्कोअर गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, म्हणतात. उणे ३.१ कुठून आला ते आता तुमच्या लक्षात येईल. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं तर ते फरशीच्या खात्यात टाकायचं नसतं. हाड आधीच ठिसूळ झालेलं होतं.

"आता सोडून काय मिळणार?" याचं उत्तर दोन भागांत आहे. हाडाची घनता लगेच भरून येत नाही, त्याला वर्षं लागतात. पण सोडलेल्यांचा धोका ओढत राहणाऱ्यांपेक्षा कमी होत जातो, हे पुन्हापुन्हा दिसलंय. दुसरा भाग आजचा आहे. मोडलेलं हाड या क्षणी जुळतंय. त्या जागी रक्त नीट पोचायला हवं. बिडी थांबवली की एक-दोन दिवसांत कार्बन मोनॉक्साइड रक्तातून जातो, आणि पुढच्या काही आठवड्यांत जखमेला आणि हाडाला त्याचा फायदा मिळतो. बाबांना "दहा वर्षांनी बरं वाटेल" असं सांगू नका, ते हसतील. "या तीन महिन्यांसाठी" म्हणून मागा.

आणि ऑपरेशन झालं म्हणजे उपचार संपले असं धरू नका. दुर्दैवाने बहुतेक घरी इथेच थांबतात. रॉडने मोडलेलं हाड धरलं, ठिसूळपणा तसाच राहिला. दुसरा खुबा आणि मणके अजून आहेत. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "हाडाच्या घनतेचं औषध कधी सुरू करायचं?" शिरेतून वर्षातून एकदा द्यायचं झोलेड्रॉनिक अॅसिड आहे. खुब्याच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत ते दिलेल्या पेशंटांत नवीन फ्रॅक्चर सुमारे एक तृतीयांशाने कमी झाली, मृत्यूही कमी झाले, असं २००७ साली छापून आलेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. पण त्याआधी व्हिटॅमिन डी ११ वरून वर आणावं लागेल, किडनीची तपासणी लागेल आणि दात दाखवून घ्यावे लागतील. आठवड्याला एक गोळीही असते. ती उपाशीपोटी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. कोणतं औषध, ते डॉक्टरच ठरवतील. विचारायचं मात्र तुम्हीच.

आता तुमच्याबद्दल. तुमचं वय काय? पाळी चालू आहे का? ऑस्टिओपोरोसिसचा धोका मोजायच्या फ्रॅक्स नावाच्या पद्धतीत जे मोजके प्रश्न असतात, त्यात "आई-वडिलांपैकी कुणाचं खुब्याचं हाड मोडलं होतं का" हा एक आहे. त्या रकान्यात तुमचं उत्तर गेल्या महिन्यापासून "हो" झालंय.

---

कोकणचा_बाबू

सिस्टर, तुमच्या अनुभवाचा आदर आहे. पण माझे आजोबा ९१ वर्षांचे होऊन गेले, शेवटपर्यंत बिडी, शेवटपर्यंत माडावर चढउतार नाही तरी शेतावर जाणं होतंच. एक हाड मोडलं नाही. मग सगळा दोष बिडीला कसा?

---

निवृत्त_सिस्टर

बाबू, तुझ्या आजोबांना नमस्कार. त्यांनी आयुष्यभर डोक्यावर ओझी वाहिली असतील, उन्हात राबले असतील, ताजी मासळी खाल्ली असेल. हाडाला हे तिन्ही लागतं. त्यांची हाडं मुळातच भक्कम झाली असणार, त्यातून बिडीने काही नेलं तरी पुरेसं उरलं.

सगळा दोष बिडीचा असं मी म्हणतच नाही. १९९७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यास एकत्र करून मांडलेला हिशेब आहे. ओढणाऱ्या बायकांमध्ये खुब्याचं हाड मोडायचा धोका न ओढणाऱ्यांपेक्षा साठीत १७ टक्क्यांनी जास्त, सत्तरीत ४१ आणि ऐंशीत ७१ टक्क्यांनी. वय वाढतं तशी दरी रुंदावते. आकडे बायकांचे आहेत, पण अशा हिशेबात तुझे आजोबाही बसतात आणि लालबागचे बाबाही. मी वॉर्डात रोज दुसऱ्या प्रकारचेच पाहिले, कारण पहिल्या प्रकारच्यांना वॉर्डात यायची गरज पडत नाही.

---

सायन_पनवेल

एरवी मी इथे फक्त वाचतो, आज लिहितोय कारण हे माझ्या पायावरून गेलंय.

वय ३४. दोन वर्षांपूर्वी बाइकवरून पडलो, नडगीचं हाड मोडलं. रॉड टाकला. मला वाटलं, तरुण आहोत, तीन-चार महिन्यांत चालू. मी दिवसाला दहा-बारा सिगारेटी ओढायचो. ऑफिस लोअर परळला, खाली टपरीवर चहा आणि सिगारेट हा आमचा मीटिंग रूमच होता. घरी बसल्यावर कंटाळ्याने पाकीट एकाचं दीड झालं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी "कमी केलीय" असं सांगितलं. ते खोटं होतं.

चौथ्या महिन्यातला एक्स-रे आणि सातव्या महिन्यातला एक्स-रे शेजारी शेजारी लावले. मोडल्याची रेघ तशीच. पाय टाकला की आत काहीतरी सरकल्यासारखं दुखायचं. नवव्या महिन्यात दुसरं ऑपरेशन झालं, कमरेच्या हाडाचा थोडा भाग काढून तिथे भरला. सर्जनने त्याआधी चार आठवडे निकोटीन पूर्ण बंद करायला लावलं. मी विचारलं, व्हेप (ई-सिगारेट) चालेल का? ते म्हणाले, हाडाला निकोटीन कुठून आलं याने फरक पडत नाही. (व्हेपवर २०१९ पासून देशात बंदी आहे, तरी मिळते, हे सगळ्यांना माहीत आहे.) माझ्या हाडाचं दुसरंही काही कारण असू शकतं, सर्जननेही सगळं सिगारेटवर ढकललं नाही. पण ते नऊ महिने, आईने मला आंघोळीला धरून नेणं, गेलेली नोकरी, हे मला परत मिळणार नाही.

लालबागताई, बाबांना माझं सांगा. मी त्यांच्यापेक्षा चाळीस वर्षांनी लहान आहे आणि तरी माझं हाड थांबलं होतं. आणि एक व्यवहाराची गोष्ट. बंडलावर चित्राखाली नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मी पहिल्यांदा लावला तेव्हा दोन मिनिटांत फोन ठेवला. दुसऱ्यांदा पंचवीस मिनिटं बोललो. त्या बाईंनी मला एकदाही झापलं नाही. नंतर ठरल्या दिवशी त्यांचाच फोन यायचा. सगळ्यात वाईट पहिले चार दिवस, आणि चहा. चहाची वेळच बदलली मी.

---

मुलुंडची_मावशी

आमच्या आईला मशेरी. ती म्हणते मी कुठे ओढते? सिस्टर, मशेरीचं काय?

---

निवृत्त_सिस्टर

मावशी, मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. हिरडीतून निकोटीन थेट रक्तात जातं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड नाही एवढाच फरक. तोंडाच्या कॅन्सरची भीती तर आहेच. आईंचं वय साठीपुढे असेल तर एकदा डेक्सा करून घ्या. आणि आधी त्यांची उंची मोजा. तरुणपणापेक्षा दीड-दोन इंच कमी झाली असेल किंवा पाठीत पोक येत असेल, तर मणके न दुखता दबले असू शकतात. बायका "वयाने वाकले" म्हणून सोडून देतात.

---

लालबागची_लेक

दीड महिन्याने परत लिहितेय. सगळ्यांचे आभार, मनापासून.

सिस्टर, तुमचं उत्तर मी बाबांना वाचून दाखवलं. कार्बन मोनॉक्साइडपाशी ते कंटाळले. मग मला सुचलं म्हणून त्यांच्याच भाषेत सांगून पाहिलं. म्हटलं, बाबा, हाड म्हणजे कापडासारखंच आहे. आत ताणाबाणा असतो, त्यावर कॅल्शियमची खळ बसते. रोज थोडे धागे तुटतात, रोज कुणीतरी ते सांधतं. ते एकदम उठून बसले. म्हणाले, "ताणा तुटला की साचा थांबवायचा. आधी सांधायचं, मग चालवायचा. तुटलेल्यावर साचा चालवला की सगळं कापड नासतं." मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "तीन महिने म्हणालीस ना?"

एकदम सुटली असं नाही. पहिल्या आठवड्यात दिवसाला सहावर आले, चिडचिड भयंकर, ताट सरकवून द्यायचे. तो नंबर त्यांनी लावायला नकार दिला, म्हणून मी लावला आणि फोन त्यांच्या कानाला धरला. पलीकडच्या ताईंनी विचारलं, काका, दिवसातली सगळ्यात आवडती बिडी कुठली? बाबा म्हणाले, पहाटेची. त्यावरच दहा मिनिटं बोलले. मला इतक्या वर्षांत हा प्रश्न सुचला नव्हता. पहाटेची सगळ्यात शेवटी गेली. आज एकोणिसावा दिवस आहे. मधे एकदा, मामा वारले त्या दिवशी, दोन ओढल्या. मी त्यावर काही बोलले नाही.

सायन-पनवेल दादा, तुमचा नऊ महिन्यांचा किस्सा त्यांना सगळ्यात जास्त लागला. "त्या पोराचं हाड जुळलं का?" असं दोनदा विचारलं. कळवा.

डॉक्टरांना तुम्ही सांगितलं तसं विचारलं. आधी डीचे आठवड्याचे ६०,००० युनिटचे डोस चालू केले, किडनीची तपासणी ठीक आली, दोन हललेले दात काढले. शिरेतलं औषध पुढच्या आठवड्यात, म्हणजे ९० दिवसांच्या आत बसतंय. दम्याच्या डॉक्टरांनाही हाडाचं सांगितलं. त्यांनी पंप कसा ओढायचा ते पुन्हा शिकवलं, कारण बाबा अर्धं औषध तोंडातच ठेवत होते. पंप नीट गेला तर गोळ्यांची वेळ कमी येईल असं ते म्हणाले. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी दही, आठवड्यातून दोनदा सुकट. समोर गिरणीच्या जागेवर टॉवर झाल्यापासून आमच्या गॅलरीत ऊन साडेअकरानंतर येतं, तेव्हा खुर्ची टाकून वीस मिनिटं बसवते. संडासाच्या वाटेवर चाळीच्या मुलांनी लोखंडी पाइपचा दांडा बसवून दिला आणि रात्रीचा दिवा लावला. ते कुणी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच केलं.

आता माझं. सिस्टर, तुमच्या त्या शेवटच्या ओळीने माझी झोप उडाली होती. वय ४८, पाळी वर्षभर पुढे-मागे चाललीय. मी कधी ओढली नाही, पण एका खोलीत सहा माणसं आणि बाबांची बिडी, त्यातच वाढले. वजन माझंही ४९ च्या पुढे गेलं नाही. भावाचा मुलगा २२ वर्षांचा आहे, त्यालाही टपरीची सवय लागलीय. त्याला मी सांगण्यापेक्षा बाबांनी बोलावून घेतलं. काय बोलले मला माहीत नाही, दार लोटलेलं होतं.

कालच्या एक्स-रेत जुळायला सुरुवात झालेली दिसतेय असं डॉक्टर म्हणाले. वॉकर घेऊन बाबा गॅलरीत कठड्यापर्यंत जातात. माझं डेक्सा शनिवारी आहे. रिपोर्ट आला की आकडे इथे टाकते, सिस्टर. तुम्ही बघा.